विंगरनं क्लब किती वेळा बदलावा?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. विचारणारे कोल्हापूरचे एक वडील. मुलगा 19 वर्षांचा, फुटबॉल खेळतो, डाव्या पायाचा विंगर, म्हणजे कडेनं धावून हल्ला करणारा. आधी पेठेतल्या तालमीचा संघ, मग पुण्यात एका अकादमीत दीड वर्ष, मग गोव्यात एक मोसम, आणि आता उत्तरेकडच्या एका क्लबाचं बोलावणं. घरचे म्हणतात, पोरगं कुठं टिकेना. पोरगं म्हणतं, भारताच्या छांगतेनंपण पाच क्लब केले, मग कुठं बेस्ट प्लेअर झाला. वडील विचारतात, सर, यातलं धरायचं काय?

दादा, मुलाचा आकडा बरोबर आहे. त्यातून काढलेला अर्थ मात्र चुकलाय, आणि ते नीट सांगायला जरा वेळ लागेल.

आधीच सांगतो, मी राइट बॅक, म्हणजे उजवीकडचा बचावपटू, होतो. खेळायच्या दिवसांतला निम्मा वेळ विंगरांच्या पाठी धावण्यात गेला आणि उरलेला आमच्याच विंगरनं सोडलेली जागा झाकण्यात. गेली वीसेक वर्षं पुण्यात पोरं घडवतोय. तेव्हा विंगर या जमातीबद्दल माझं मत थोडं तिरकं आहे, तेवढं वजा करून वाचा.

लालियांझुआला छांगते मिझोरामच्या लुंगलेईचा, जन्म 1997 चा. पण त्याची व्यावसायिक सुरुवात आपल्या पुण्यातली. डीएसके शिवाजियन्सनं लिव्हरपूलबरोबर जी अकादमी काढली होती, तिथला हा पोरगा. डिसेंबर 2015 मध्ये तिरुवनंतपुरमला सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या, स्पर्धेत नेपाळविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि शेवटच्या काही मिनिटांत त्यानं दोन गोल मारले. वय 18. त्या दिवशी ज्यांनी सामना पाहिला त्यांना वाटलं, झालं, हा आता सुटला. प्रत्यक्षात तो देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरायला आणखी साताठ वर्षं लागली. तुमच्या मुलानं लक्ष द्यायचं ते या साताठ वर्षांकडे.

ते पाच क्लब एकेक करून बघू. पहिला शिवाजियन्स. त्याच काळात तो नॉर्थईस्ट युनायटेडकडून इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, खेळला, लोनवर, म्हणजे मोसमापुरता उसना. तेव्हा आयएसएल म्हणजे दोन-अडीच महिन्यांचा पावसाळ्यानंतरचा खेळ, आणि जुनी राष्ट्रीय लीग, आय-लीग, जानेवारीपासून. देशातली कितीतरी पोरं एकाच वर्षात दोन जर्सी घालायची. त्याला क्लब बदलणं म्हणत नाहीत, ते कॅलेंडर होतं. 2017 ला दोन्ही लीग एकाच वेळी सुरू झाल्या आणि प्रत्येकाला एक बाजू निवडावी लागली. त्याच वर्षी शिवाजियन्स आय-लीगमधून बाहेर पडला. छांगते ड्राफ्टमधून, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीनं खेळाडू निवडले त्यातून, दिल्ली डायनॅमोजकडे गेला. तिथं दोन मोसम, मिगेल आंखेल पोर्तुगाल आणि जोसेप गोंबाऊ या दोन स्पॅनिश कोचांच्या हाताखाली. 2019 ला तो चेन्नईयिनला गेला, आणि त्याच उन्हाळ्यात दिल्लीचा अख्खा क्लब भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला.

म्हणजे बघा, पाचातला एक क्लब लीगमधून नाहीसा झाला, एक कॅलेंडरमुळे लागला, एकानं गावच बदललं. आपल्याकडे खेळाडू क्लब सोडतो त्यापेक्षा क्लब खेळाडूला सोडून जातो हेच जास्त. महाराष्ट्रानं तर हे पोटभर पाहिलंय. महिंद्रा युनायटेड 2010 ला बंद. एफसी पुणे सिटी 2019 ला गुंडाळला गेला, त्याची जागा हैदराबादनं घेतली. तेव्हा घरच्यांना सांगा, पोरगं टिकेना म्हणताना आधी क्लब टिकलाय का ते बघा.

छांगतेनं खऱ्या अर्थानं विचार करून केलेल्या हालचाली दोनच, चेन्नई आणि मुंबई. आणि माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात अवघड काळ चेन्नईतला होता, जिथं त्यानं क्लब बदललाच नाही.

तिथं तो गेला तेव्हा जॉन ग्रेगरी कोच होते. काही आठवड्यांतच ते गेले आणि ओवेन कॉयल आले. कॉयलनी तळाशी अडकलेला संघ उचलून थेट फायनलला नेला. 14 मार्च 2020, फातोर्डा, कोरोनामुळे प्रेक्षक नाहीत, आणि एटीकेकडून 3-1 नं हार. त्या अर्ध्या मोसमात छांगते मोकळा सुटला होता. संघ थेट गोलच्या दिशेनं खेळायचा, चेंडू मिळाला की पहिला पास पुढे, त्याला पळायला चाळीस यार्ड गवत. पुढच्या मोसमात चाबा लास्लो आले, त्यानंतरच्या मोसमात बोझिदार बांदोविच. तीन वर्षांच्या आत कोच चार. प्रत्येकाचं विंगरकडून मागणं वेगळं. एकाला तो टचलाइनला, म्हणजे कडेच्या रेषेला, चिकटलेला हवा, दुसऱ्याला आत, तिसऱ्याला आधी मागे येऊन बॅकला मदत करणारा.

गोलसमोर मधोमध बचाव करणाऱ्या सेंटर बॅकचं काम कोच बदलला म्हणून फारसं बदलत नाही. उंच चेंडू आला की डोकं घालायचं, मग कोच स्कॉटिश असो की हंगेरियन. विंगरचं तसं नाही. त्याच्यापर्यंत चेंडू कुठं, कधी, कुठल्या वेगानं येणार हे सगळं दुसऱ्यांच्या हातात असतं. त्यामुळे जर्सी तीच राहिली तरी कोच बदलला की विंगरची नोकरीच बदलते. त्या बंद दाराच्या 2020-21 मोसमात मी त्याचे बरेच सामने टीव्हीवर पाहिले. वेग तोच, पण गोलसमोर पोचला की शेवटचा स्पर्श घाईचा. चुकलेल्या संधींवरून लोकांनी त्याला बरंच सुनावलं. मीही आमच्या पोरांसमोर बोललो होतो, "हा पळतो छान, पण याला थांबता येत नाही." ते अर्धंच खरं होतं हे मला नंतर कळलं.

जानेवारी 2022 मध्ये तो आधी लोनवर मुंबई सिटीत आला. तो मोसम अख्खा गोव्यात चालला होता, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को या तीन मैदानांवर, सगळे संघ कोरोनामुळे बायोबबलमध्ये, बाहेरच्यांशी संपर्क बंद. म्हणजे या माणसानं क्लब बदलला तो राज्य न बदलता. गंमत सोडा, पण त्या एका हालचालीनं त्याचं सगळं चित्र पालटलं. त्याच्यात काय बदललं यापेक्षा त्याच्याभोवती काय बदललं ते बघा.

एक, त्याच्या मागे उभा होता अहमद जाहू. मोरोक्कोचा हा मिडफिल्डर स्वतः फार पळायचा नाही, पण डावीकडे तोंड करून उभा असताना उजवीकडच्या विंगरच्या पुढ्यात पन्नास यार्डांवर चेंडू ठेवायचा. असा पास मिळणार याची खात्री असली की विंगर चेंडू यायच्या आधी धावायला सुरुवात करतो. आणि चेंडू यायच्या आधी धावलेला विंगर म्हणजे बॅकचं मरण. मी त्या जागेवर खेळलोय म्हणून सांगतो. उभ्या विंगरला मी अडवू शकायचो, पळत्या विंगरला नाही.

दोन, त्याच्या मागचा राइट बॅक. लीगच्या टेबलात पहिला येणाऱ्या संघाची शिल्ड मुंबईनं जिंकली त्या 2022-23 च्या मोसमात ती जागा बहुतेक वेळा राहुल भेकेकडे होती. आपला मुंबईचा पोरगा. 2019 ची आयएसएल फायनल बेंगळुरूनं त्याच्याच 117व्या मिनिटाच्या गोलावर जिंकली होती, तोच. भेके सेंटर बॅकही खेळतो, त्यामुळे तो फार वर धावत सुटत नाही. छांगतेनं चेंडू गमावला तरी मागचं दार बंद असायचं. विंगरला धाडस करायचं असेल तर त्याच्या मागे घाई नसलेला बॅक लागतो. मागचा बॅकसुद्धा हौशी असला की विंगरचे निम्मे श्वास परत येण्यात जातात आणि चेंडू मिळतो तेव्हा पायात काही उरलेलं नसतं.

तीन, बाजू. छांगते डाव्या पायाचा, आणि मुंबईत तो मुख्यतः उजवीकडून खेळला. तुमचा मुलगाही डाव्या पायाचा आहे म्हणून इथं जरा थांबतो.

डाव्या पायाचा पोरगा डावीकडे उभा केला की त्याच्याकडे साधं काम असतं: टोकापर्यंत जा आणि क्रॉस टाक. उजवीकडे उभा केला की तो आत वळतो आणि वळल्यावर गोल त्याच्या चांगल्या पायासमोर येतो. जगात या एका चालीसाठी आर्यन रॉबेन ओळखला गेला. उजवीकडून आत, डाव्या पायानं लांबच्या कोपऱ्यात. सगळ्यांना माहीत, तरी अडवता येईना. का अडवता येत नव्हतं? कारण आत वळायच्या आधी तो दर तीनचार वेळांत एकदा बाहेरून जायचा. बॅकच्या डोक्यात अर्ध्या सेकंदाची शंका पुरते. माझ्याकडची पोरं रॉबेन बघतात आणि दहाच्या दहा वेळा आत वळतात. पाचव्या वेळेला समोरचा बॅक आधीच आत उभा असतो.

मैदानावर हे मी असं शिकवतो. पेनल्टी बॉक्सच्या उजव्या कोपऱ्याबाहेर सरावाचे तीन शंकू ठेवतो आणि पोराला सांगतो, चेंडू घेताना उजव्या पायानं घेऊ नकोस, डाव्यानं घे, आणि घेताना कंबर गोलकडे उघडी ठेव. कंबर टचलाइनकडे बंद राहिली की पुढचा रस्ता एकच उरतो आणि बॅकला तो पाठ असतो. कंबर उघडी असली की बॅकला तुझ्या पायांकडे बघावं लागतं. नव्वद टक्के पोरं चेंडूकडे बघतात. ज्या दिवशी पोरगं चेंडू घ्यायच्या आधी बॅकचा पुढचा पाय कुठला आहे ते बघायला लागतं, त्या दिवशी मी मनात म्हणतो, हा खेळेल.

आणि आता "थांबता येत नाही" वर येतो. मला वाटलं होतं की छांगतेला वेग कमी करता येत नाही. खरी अडचण वेगाची नव्हती. तो चुकीच्या जागी वेगात पोचत होता. 4 जुलै 2023, बेंगळुरूचं कांतीरवा, सॅफची फायनल कुवेतविरुद्ध. भारत एका गोलनं मागे. पहिला हाफ संपायला आला असताना चाल डावीकडून झाली. सहल अब्दुल समदनं डावीकडून चेंडू आडवा दिला आणि छांगतेनं तो जवळून जाळ्यात सारला. 1-1. पुढे पेनल्टीवर भारतानं चषक घेतला. त्या गोलचा रिप्ले लावा आणि चेंडू डावीकडे असताना छांगतेकडेच बघा. उजवा विंगर, चेंडू पार दुसऱ्या टोकाला, आणि हा टचलाइनवर उभा राहून चेंडू मागत नाहीये. तो आत, गोलच्या तोंडाशी निघालाय. विंगरचे निम्मे गोल चेंडू दुसऱ्या बाजूला असताना होतात. चेंडू आपल्या बाजूला नसताना कमरेवर हात ठेवून उभा राहणारा विंगर मोसमाला दोन-तीन गोलांवरच थांबतो, कितीही चपळ असला तरी.

आपल्या शाहू स्टेडियमवर नेमकं हेच घडत नाही आणि त्याला थोडे जबाबदार प्रेक्षकही आहेत. मी कोल्हापूरच्या फुटबॉलचा भक्त आहे. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या सामन्याला जी गर्दी होते ती पुण्यात मला स्वप्नातही दिसत नाही. पण तिथं टाळी पडते ती दोघांना चकवल्यावर. दुसऱ्या बाजूला चेंडू असताना चाळीस यार्ड धावत पोचणाऱ्याला कोण टाळी देतो? पोरगं टाळीवर वाढतं. मग ते बाहेरच्या क्लबात गेल्यावर कोच पहिल्या आठवड्यात त्याला हीच धाव मागतो आणि पोराला वाटतं कोचचा आपल्यावर राग आहे.

छांगतेचं पुढचं तुम्हाला माहीत असेल. 2022-23 ला मुंबई सिटीनं लीग शिल्ड जिंकली, त्याच वर्षी तो एआयएफएफचा, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा, वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि पुढच्या वर्षीही. एप्रिल 2024 ची फातोर्डावरची सेमीफायनल मी कधीच विसरणार नाही. गोवा 2-0 नं पुढे, 90 मिनिटं होत आलेली. आमच्या घरी टीव्ही बंद करायचं चाललं होतं. 90व्या मिनिटाला छांगते, पाठोपाठ विक्रम प्रताप, आणि 96व्या मिनिटाला पुन्हा छांगते. 3-2. पुढच्या आठवड्यात मुंबईनं मोहन बागानला कोलकात्यात 3-1 हरवून चषक घेतला, कप्तान भेके. 90 मिनिटांनंतरही विंगरच्या पायात धाव शिल्लक होती, याचं अर्धं श्रेय मी त्याच्या मागच्या बॅकला देतो. राइट बॅकची खोड, जायची नाही.

एक लक्षात घ्या. तोवर मुंबईचे कोच डेस बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड क्लबाकडे गेले होते आणि त्यांच्या जागी पीटर क्रात्की आले होते. जाहूसुद्धा ओडिशाला गेला होता. म्हणजे कोच बदलला, पास देणारा गेला, तरी छांगते चालू राहिला. चेन्नईत कोच बदलला की तो हलायचा, इथं हलला नाही. कारण तोवर त्याच्याकडे दुसऱ्यावर अवलंबून नसलेली एक गोष्ट आली होती, चेंडू दुसऱ्या बाजूला असताना लांबच्या गोलखांबाकडे केलेली धाव. जून 2024 ला दोह्यात कतारविरुद्ध 37व्या मिनिटाला गोल त्याचाच. तो सामना पुढे रेषेबाहेर गेलेल्या चेंडूवरच्या गोलमुळे गाजला आणि भारत 2-1 हरला, त्यात त्याचा गोल लोक विसरले. असो, त्याबद्दल बोलायला लागलो तर रात्र होईल.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर मुलगा म्हणेल, बघा, बदलल्यामुळेच झालं. गोव्याचा क्लिफर्ड मिरांडा डावा विंगर, डेम्पोत पंधराएक वर्षं. त्या काळात डेम्पोनं पाच राष्ट्रीय लीग विजेतेपदं घेतली. मणिपूरचा उदांता सिंग 2014 ला बेंगळुरूला आला आणि 2023 पर्यंत तिथंच होता, मगच गोव्याला गेला. दोघांचंही काही बिघडलं नाही. एकाच जागी राहून विंगर घडतो, पण त्याला अट एकच, क्लब आणि खेळण्याची पद्धत दोन्ही स्थिर हवं. रॉबेनचंच घ्या. ग्रोनिंगन, पीएसव्ही, चेल्सी, रेआल माद्रिद असं करत 2009 ला बायर्नला पोचला, वय 25, आणि मग दहा मोसम हलला नाही. आठ जर्मन लीग जिंकला. आणि त्याच्या मागे बरीच वर्षं कोण होता? फिलिप लाम. बघितलंत? मी परत राइट बॅकवर आलो.

आता तुमच्या हातातल्या कामाकडे. ऑफर आलीय म्हणता, तर पैशांआधी मी या गोष्टी विचारल्या असत्या. त्या बाजूला, त्या जागेवर आधीपासून कोण आहे आणि त्याचा करार किती वर्षांचा? मागचा बॅक कोण? कोचचा स्वतःचा करार कधी संपतो? ज्या कोचनं मुलाला निवडलं तोच जर मार्चमध्ये जाणार असेल तर मुलाची निवड कोणी केलीच नाही असं समजा. आणि गेल्या मोसमात त्या क्लबानं 21 वर्षांखालच्या मुलांना प्रत्यक्ष किती मिनिटं दिली? क्लबवाले "आम्ही तरुणांना संधी देतो" म्हणतात, सगळेच म्हणतात. मिनिटं मोजा. मोसमाचे सामने बघून कागदावर लिहून काढता येतात, एक रविवार लागतो.

भारतीय विंगरच्या बाजूनं एक गोष्ट आहे, ती मुलाला सांगा म्हणजे हुरूप येईल. आयएसएलच्या पहिल्या तीन मोसमांत मैदानावर सहा परदेशी चालायचे, म्हणजे भारतीयांना पाच जागा. 2017 ला परदेशी पाच झाले, 2021 पासून चार. क्लब परदेशी खेळाडूंवर पैसे घालतात ते बहुतेक मधल्या रांगेत: सेंटर बॅक, मिडफिल्ड, स्ट्रायकर. कडेच्या जागा भारतीयांना उरतात. छांगते 19 वर्षांचा होता तेव्हा पाच जागांसाठी भांडत होता, तुमचा मुलगा सात जागांसाठी भांडतोय.

कराराचं थोडक्यात. 18 पूर्ण झाल्यामुळे त्याला पाच वर्षांपर्यंतचा करार करता येतो, पण मी विंगरला या वयात दोनपेक्षा जास्त वर्षं बांधायला सांगत नाही. करार संपायला सहा महिने राहिले की दुसऱ्या क्लबाशी बोलणी करून सही करता येते, हा फिफाचा नियम आहे आणि तो पोरांना माहीत नसतो. एका मोसमात जास्तीत जास्त तीन क्लबांत नोंदणी आणि सहसा दोनच क्लबांकडून अधिकृत सामने, हेही ध्यानात ठेवा. ऑगस्टला एक, जानेवारीला दुसरा, असं झालं की त्या वर्षापुरता रस्ता संपला. करारात लीग लांबली किंवा थांबली तर पगाराचं काय, ते स्पष्ट लिहून घ्या. 2025 च्या जुलैत आयएसएलचा मोसमच अधांतरी लटकला तेव्हा हे कलम नसलेल्यांची काय अवस्था झाली ते सगळ्यांनी पाहिलं. एजंट असेल तर त्याच्याकडे फिफाचा परवाना आहे का ते बघा, आणि त्याची फी कोण देणार हे कागदावर.

आता माझी चूक सांगतो, कारण तुमचा मुलगा नेमका तिथंच उभा आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखालचा एक पोरगा, उजवा विंगर, साताऱ्याकडचा. वय 20. एका छोट्या क्लबात दर आठवड्याला खेळत होता. मोठ्या क्लबाचं बोलावणं आलं, पैसे दुपटीच्या वर. मीच म्हणालो, जा. मोठं नाव, चांगले कोच, सरावातूनसुद्धा शिकशील. तिथं त्याच्या जागेवर राष्ट्रीय संघातला खेळाडू होता हे मला माहीत होतं, तरी म्हणालो. पोरगं पूर्ण मोसमात बदली म्हणून चारदा उतरलं, प्रत्येक वेळी शेवटच्या दहा मिनिटांत. त्यात तीन महिने पगार अडकला. दुसऱ्या मोसमात लोनवर पाठवलं, तिथं पहिल्याच महिन्यात हॅमस्ट्रिंग गेली.

हॅमस्ट्रिंग का गेली ते सांगतो. आठवड्याला नव्वद मिनिटं खेळणारा पाय वर्षभर दहा-दहा मिनिटांवर राहिला, आणि मग एकदम नव्वद मिनिटं पूर्ण वेगानं. विंगरचा धंदा म्हणजे थांबलेल्या अवस्थेतून पूर्ण वेग, सामन्यात वीस-तीस वेळा. मांडीच्या मागचा स्नायू सरावात तेवढा ताणला जात नाही, सामन्यातच जातो. बेंचवर बसलेला सेंटर बॅक वर्षभरानं उतरला तर थोडा गंजलेला दिसतो. बेंचवर बसलेला विंगर उतरला तर फाटतो. त्या पोरानं 23 व्या वर्षी खेळ सोडला. आता तो पोलीस भरतीतून लागलाय, भेटतो तेव्हा हसून बोलतो. मला मात्र त्याचा फोन आला की पहिले दोन मिनिट बोलता येत नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक पोराची एक वही ठेवतो. एका रकान्यात सामन्यातली मिनिटं, दुसऱ्यात चेंडू न मागता केलेल्या धावा. पैशाचा रकाना नाही. 22 वर्षांपर्यंत विंगरनं मोसमाला पंधराशे मिनिटं तरी खेळावं असा माझा हिशोब आहे, मग ती आयएसएलमध्ये असोत, दुसऱ्या पायरीच्या लीगमध्ये असोत की तिसऱ्या पायरीवर. हा माझा अंदाज आहे, कुठल्या पुस्तकातला नाही.

तुमच्याच कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचं उदाहरण मुलाला माहीत असणारच. 2017 चा 17 वर्षांखालचा विश्वचषक खेळला, मग महासंघाचा तरुण पोरांचा संघ इंडियन ॲरोज, मग जमशेदपूर, मग हैदराबाद. ॲरोज हा संघ सामने हरायचा, टेबलाच्या तळाशी असायचा, पण पोरांना आठवड्याला मिनिटं मिळायची. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली होती. मी नाही मुरडलं.

म्हणून नव्या क्लबाबद्दल "जाऊ दे का" या प्रश्नाला आत्ता माझं उत्तर नाही, कारण मी मुलाला खेळताना पाहिलेलं नाही. तुम्ही जी दोन मिनिटांची क्लिप पाठवलीत त्यात तो सात जणांना चकवतो, चार गोल मारतो, आणि मागे गाणं वाजतंय. त्यातून मला काही कळत नाही. गोव्यातल्या मोसमातला एक पूर्ण सामना पाठवा, शक्यतो हरलेला. फोन स्टँडवर लावून वरून काढलेला चालेल, पण कॅमेरा चेंडूच्या मागे फिरवू नका, तो खेळतो त्या कडेवरच स्थिर ठेवा. चेंडू दुसऱ्या बाजूला असताना तो काय करतो ते मला बघायचंय. आणि त्याला विचारा, त्या सामन्यात त्याच्या मागे खेळलेल्या बॅकचं नाव काय होतं. नाव पटकन सांगता आलं तर फोन करा, पुढचं बोलू.